सहा चाकांवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती उच्चारतांना त्या विंचवाची कींव करावी कीं हेवा करावा, याचा विचार कधीं केला नव्हता. २०१९ सालच्या जून महिन्यांत पांच दिवस आम्ही स्वतःच तसलें बिऱ्हाड घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यानें हिंडलों, आणि तेव्हांपासून तो विचार आमची पाठ सोडीत नाहीं. या लेखांत प्रवासवर्णन थोडें व घरगुती गोष्टी फार, असें झालें आहे. त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. घर सोडून सातां समुद्रांपलीकडे गेल्यावर आम्हांस दिसलें तें घरच, त्यास आमचा इलाज नाहीं.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत सॅन होजे येथें राहतात. त्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. एके रात्रीं जेवतांना त्यांनीं जाहीर केलें कीं, मुलांच्या शाळेस सुट्टी लागली आहे, तेव्हां सर्वांनीं मिळून ‘हायवे वन’नें समुद्रकांठानें दक्षिणेस जावें, आणि हॉटेलांत न उतरतां भाड्यानें आर. व्ही. घ्यावी. आर. व्ही. म्हणजे राहावयाची मोटार.

“मोटारींत राहावयाचें? आणि स्वयंपाक?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

“मोटारींतच, आई.”

“निजणें?”

“तेंहि मोटारींतच.”

त्यांनीं पुढचा प्रश्न विचारला नाहीं. परंतु तो कोणता हें सर्वांस कळलें, आणि आमचा दहा वर्षांचा नातू ताटावरच खो खो हसत सुटला.

गाडी दाराशीं आली ती पंचवीस फूट लांब. मागें जोडचाकें, म्हणजे एकूण सहा चाकांची. आंत पाहतों तों शेगडी, मोरी, फ्रीज, जेवणाचें टेबल (रात्रीं त्याचाच बिछाना होई), मागें एक पलंग, आणि चालकाच्या डोक्यावर पोटमाळा. त्यावर दोन्ही नातवंडांनीं पाहतांक्षणींच हक्क सांगितला. न्हाणीघर इतकें लहान कीं, पाठीस साबण लावावयाचा तर कोपर दाराबाहेर काढावें लागे. गाडीच्या पोटांत तीन टाक्या होत्या. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची, आणि तिसरी, जिचें नांव जेवतांना घेऊं नये ती. स्वच्छ पाणी सुमारें दीडशें लिटर आणि माणसें सहा. ज्या सरकारी तळांवर आमचा मुक्काम व्हावयाचा होता, तेथें गाडीस नळ अगर वीज जोडून घेण्याची सोय नव्हती. जें बरोबर न्याल तेंच वापरा, असा खाक्या.

चिरंजीव व सूनबाई या हिशेबानें थोडीं धास्तावलीं होतीं. सौभाग्यवती मात्र, ज्यांचें बालपण आडाचें पाणी शेंदण्यांत गेलें त्या, एकदम उल्हसित झाल्या. तांदुळाचें धुवण भांड्यांच्या पहिल्या हातास, दात घासतांना नळ बंद, आंघोळ तीन मिनिटांत, असे नियम त्यांनीं घातले आणि पहिल्या दिवसापासून अंमलांतहि आणले. मसाल्याचा डबा शेगडीच्या डाव्या अंगास बसला. पंचपाळें, पोळपाट, लहान कुकर यांस जागा मिळाल्या. आणि खिडकीच्या कोपऱ्यांत दोन बोटांचा बाळकृष्ण विराजमान झाला. तासाभरांत त्या डब्यास घराचा वास येऊं लागला.

येथें त्या रस्त्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. हा कॅलिफोर्नियाचा राज्यमार्ग क्रमांक १. त्याची सर्व लांबी सुमारें साडेसहाशें मैल भरेल. परंतु लोक ज्याकरितां मुद्दाम येतात, तो कार्मेल गांवापासून सॅन सिमिऑनपर्यंतचा सुमारें नव्वद मैलांचा तुकडा. त्या प्रदेशास ‘बिग सर’ म्हणतात. सांता लुसिया नांवाची डोंगररांग येथें तडक समुद्रांत उतरते. आपल्या कोंकणांत सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामध्यें तीस-चाळीस मैलांची भुई आहे. तींत आमच्या पूर्वजांनीं माड-पोफळी लावून व भातखाचरें करून पिढ्या काढल्या. येथें ती भुईच नाहीं. डोंगर संपला कीं पाणी. आणि रस्ता म्हणजे त्या डोंगराच्या पोटावर नखानें काढलेला ओरखडा.

१८९४ सालीं पॉइंट सर येथें एक आगबोट खडकावर फुटली. तेव्हां जखमींच्या मदतीस मॉन्टेरेचे डॉ. जॉन रॉबर्ट्स यांस घोडागाडीच्या खडतर वाटेनें जावें लागलें. या किनाऱ्यास रस्ता हवा, हें त्यांच्या मनानें तेव्हां घेतलें आणि १८९७ त त्यांनीं सारा किनारा पायीं चालून मार्गाची आंखणी केली. रस्ता पुरा झाला तो १९३७ त. म्हणजे पाऊलवाटेपासून डांबरी वाटेपर्यंत चाळीस वर्षें गेलीं. कामावर तुरुंगांतील कैदीहि होते. त्यांस थोडी मजुरी आणि शिक्षेंत सूट मिळे. बिक्सबी नाल्यावरील प्रसिद्ध कमानी पूल, सातशें चौदा फूट लांब व सुमारें दोनशें साठ फूट उंच, हा तर १९३२ सालींच बांधून तयार झाला होता. पुढचा रस्ता व्हावयास पांच वर्षें असतां पूल आधींच उभा! पुढें येणाऱ्यांवर इतका विश्वास ठेवणारे लोक आम्हांस फार आवडले.

तिकडे वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. त्यामुळें दक्षिणेस जाणाऱ्यास समुद्र अगदीं हाताशीं. आम्ही चिरंजीवांच्या शेजारीं, समुद्राच्या अंगास बसलों होतों. जून महिना तेथें पावसाचा नव्हे, धुक्याचा. सकाळीं समुद्र दिसेच ना. रस्त्याच्या खालीं पिंजलेल्या कापसासारखें धुकें पसरलेलें, आणि त्याच्या आंतून लाटांचा आवाज तेवढा वर येई. दुपारीं तें विरलें म्हणजे खालीं हिरवें-निळें पाणी, काळे खडक आणि ओळीनें चाललेले पाणकावळे. समुद्र पश्चिमेस, सूर्य मावळावयाचा तो पाण्यांतच; एवढ्याच खुणेवर आम्हांस तो समुद्र परका वाटेनासा झाला.

कार्मेल मागें पडतांना चिरंजीवांनीं आमच्याकडे एक काम सोंपविलें. “बाबा, तुमच्या बाजूच्या आरशांत बघत राहा. मागें पांच गाड्या जमल्या कीं सांगा.”

आम्हीं कारण विचारलें. तेव्हां कळलें कीं, दुपदरी रस्त्यावर, जेथें पुढें काढणें धोक्याचें असतें तेथें, सावकाश चालणाऱ्या वाहनामागें पांच किंवा अधिक वाहनांची रांग लागली, तर त्या वाहनानें पहिल्या सोयीच्या जागीं बाजूस होऊन मागच्यांस वाट द्यावी, असा त्या राज्याचा कायदाच आहे. अशा जागा रस्त्याच्या कडेस मुद्दाम राखलेल्या असतात. त्यांस ‘टर्नआउट’ म्हणतात.

खरें सांगावयाचें तर आम्हांस हें रुचलें नाहीं. आम्ही कांहीं वाट अडवून बसलों नव्हतों. आमच्या गतीनें, नियमानें, आमच्या पट्ट्यांतून चाललों होतों. ज्यास घाई असेल त्यानें पाहावें! तरी पांच झाल्या तेव्हां आम्हीं “झाल्या” म्हटलें. चिरंजीवांनीं गाडी बाजूस घेतली. मागील मोटारी एकामागून एक सरकन् निघून गेल्या आणि जवळजवळ प्रत्येकानें खिडकींतून हात वर करून आभार मानले.

त्याच सुमारास आमच्या दूरध्वनियंत्रावर धाकट्या बंधूंचा निरोप आला होता: ‘दादा, करारावर आतां फक्त तुमचीच सही राहिली आहे. या महिन्याअखेर कांहीं तरी कळवा.’ तो वाचतों न वाचतों तोंच डोंगरानें संदेश तोडला. बिग सरच्या बहुतेक भागांत तें यंत्र मुकें असतें; पुढील दोन दिवस आम्ही कोणास कांहीं कळविण्यास बांधलेले नव्हतों. आम्हांस हायसें वाटलें, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे.

पुण्याच्या पेठेंत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. आम्ही तिघे भाऊ, त्यांत आम्ही थोरले. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुराचें पाणी ज्याच्या तिसऱ्या पायरीवरून परतलें, असा तो वाडा. अलीकडे त्याची माडी गळत होती, मागील भिंतीस टेकू दिले होते आणि जिन्याची एक पायरी चुकवून चालावें लागे. वाडा उतरवून तेथें नवी इमारत उठवावी व प्रत्येकानें त्यांत आपापलें स्वतंत्र बिऱ्हाड घ्यावें, असें भावांचें व पुतण्यांचें म्हणणें होतें. आमच्या सहीवांचून तें सहा वर्षें अडलें होतें. आम्ही ‘नाहीं’ कधींच म्हटलें नाहीं. आम्ही ‘पाहूं’ म्हणत होतों. वडिलांनीं वाडा सांभाळावयास सांगितला आहे, आणि घरांतल्या बायकांचा जीव त्या वाड्यांत गुंतला आहे, अशीं दोन कारणें आम्ही सांगत असूं.

पहिले दोन मुक्काम बिग सर नदीकांठीं रेडवुडच्या वृक्षांखालीं झाले. हे वृक्ष कॅलिफोर्नियाच्या व थोड्या ऑरेगॉनच्या किनारपट्टींतच आढळतात. समुद्रावरून येणारें धुकें पानांवर ठिबकतें, त्यावर उन्हाळा काढतात. इतक्या उंच झाडांखालीं आमचा कुकर शिटी देऊं लागला तेव्हां शेजारच्या राहुटींतील गोरीं मुलें धांवत पाहावयास आलीं. सौभाग्यवतींनीं त्यांच्या हातांवर गूळ-खोबरें ठेविलें.

दुसऱ्या रात्रीं मुलें निजल्यावर आम्ही उभयतां बाहेर खुर्च्या टाकून बसलों होतों.

“एक सांगूं का?” त्या म्हणाल्या. “इथें हात लांब केला कीं सगळें मिळतें. अठ्ठेचाळीस वर्षांत असलें स्वयंपाकघर मला मिळालें नव्हतें.”

“वाड्यांतलें केवढें मोठें आहे!”

“मोठें आहे, पण तुम्हांला तिथें कधीं उभें राहावें लागलें नाहीं. मोरी एकीकडे, कोठी दुसरीकडे, आणि मधें तो उंबरा. संक्रांतीपासून धाकट्या जाऊबाई जिना उतरल्या नाहींत. गुडघे चालत नाहींत त्यांचे. रोज देवळांत जाणारी बाई ती. तुम्हांला ठाऊक होतें?”

आम्हांस ठाऊक होतें. म्हणजे त्यांचे गुडघे दुखतात, हें ठाऊक होतें; त्या सहा महिने खालीं उतरल्या नाहींत, हें ठाऊक नव्हतें. एकाच वाड्यांत, एकाच छपराखालीं!

“मग तुम्ही सर्वजणी कधीं बोललां कां नाहीं?”

“तुम्ही विचारलें कुठें? तुम्ही आमच्या वतीनें सांगत होतां.”

यावर उत्तर नव्हतें. नदीचा आवाज ऐकत आम्ही पुष्कळ वेळ बसून राहिलों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं तळ सोडतांना ती तिसऱ्या टाकीची गोष्ट पुढें आली. तळाच्या तोंडाशीं जमिनींत एक झांकणाचें भोंक असतें. तेथें गाडी उभी करून टाक्या रित्या करावयाच्या. ज्यांच्या हाताखालीं कचेरींत तीस माणसें काम करतात, त्या आमच्या चिरंजीवांनीं हातमोजे चढविले, जाड नळी जोडली, आधीं मैल्याची टाकी सोडली आणि मग नळी धुऊन निघावी म्हणून सांडपाण्याची. सहा माणसांचा दोन दिवसांचा मैला त्यांनीं दहा मिनिटांत निस्तरला. आणि तें करतांना ते मुलाशीं क्रिकेटच्या गोष्टी बोलत होते. तेव्हां इंग्लंडांत विश्वचषकाचे सामने चालले होते.

आम्ही संवयीनें नाकास रुमाल लावून दूर उभे होतों. त्या संवयीचें मूळ आम्हांस तेथेंच आठवलें. आमच्या लहानपणीं वाड्याच्या मागील अंगास टोपलीचे संडास होते. सकाळीं मागल्या बोळांतून एक मनुष्य येई, टोपली डोईवर घेई आणि जाई. त्याची चाहूल लागली कीं आम्हां मुलांस आंत घेत. आमच्या वयाच्या पंधरा-सोळा वर्षांपर्यंत तो येत असला पाहिजे. वाड्याच्या खांबांवर कोरलेलीं कमळें किती, हें आम्ही डोळे मिटून सांगूं. त्या मनुष्याचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं, त्याचा चेहराहि आठवत नाहीं. या कामास कायद्यानें बंदी झाली ती १९९३ सालीं. आणि २०१३ सालीं पुन्हा नवा कायदा करावा लागला, यांतच सर्व आलें. ज्या वाड्याचें वैभव आम्ही जिवापाड जपत होतों, त्या वैभवास एक मागलें दारहि होतें. लहान घरास मागलें दार नसतें, म्हणून त्यांत कांहीं लपत नाहीं. पुढील मुक्कामावर ते हातमोजे आम्हीं चिरंजीवांकडून मागून घेतले. नळी नीट बसविण्यास आम्हांस तीनदां प्रयत्न करावा लागला, आणि नातवानें आमचें छायाचित्र काढून घेतलें.

त्या दिवशींचा रस्ता सर्वांत अवघड. मॅकवेचा धबधबा सुमारें ऐंशी फुटांवरून थेट किनाऱ्याच्या वाळूवर कोसळतो, तो पाहिला. पुढें मड क्रीक लागला. तेथें मे २०१७ मध्यें अर्धा डोंगर रस्त्यासकट समुद्रांत गेला होता. ढासळलेल्या मातीवरूनच नवा रस्ता बांधून जुलै २०१८ मध्यें तो खुला केला. त्या कच्च्या, अद्याप हिरवळ न धरलेल्या उतारावरून गाडी जात असतां आम्ही आरशांत पाहत होतों. तीन, चार, पांच. पांचवी मोटार जुनी होती, चालविणारी बाई एकटी. सहावी दिसली. “झाल्या,” आम्ही म्हणालों. या वेळीं जरा लौकर म्हणालों.

गाडी बाजूस उभी राहिली. वाहनें निघून गेलीं. चिरंजीवांनीं इंजिन बंद केलें, आणि तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं, दोन दिवसांत समुद्र आम्हीं जो काय नीट पाहिला, तो अशा जागांवरूनच. चालत्या गाडींतून दिसतो तो रस्ता, आरसा आणि मागच्यांची दाटी. वाट दिली म्हणजे आपण रस्त्यावरून जात नाहीं. थोडें थांबतों, आणि मग आपल्याच गतीनें पुढें निघतों. मनांत आमची मोजणी मात्र चालूच राहिली. धाकटे दोघे भाऊ, त्यांच्या दोघी बायका, तिघे पुतणे. त्यांतील एकाचें लग्न ‘जागेचें ठरूं द्या’ म्हणून दोन वर्षें पुढें ढकललेलें. पांचाहून अधिक झाले, आणि सहा वर्षें झालीं.

वडिलांचे अखेरचे शब्दहि तेथेंच पुन्हा आठवून पाहिले. “सर्वांना सांभाळ,” असें ते म्हणाले होते. त्यांतील ‘सर्वांना’च्या जागीं ‘वाड्याला’ हा शब्द आम्हीं केव्हां घातला, हें आमचें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

पिएद्रास ब्लांकास येथें वाळूवर शेंकडों हत्तीसील पसरले होते. तरणे नर, जुन्या कातड्याचीं सालपटें निघत असलेले, एकमेकांस रेटीत व डरकाळ्या फोडीत. चरबीकरितां माणसांनीं या जातीची इतकी हत्या केली कीं, एके काळीं जगांत शंभरहि उरले नव्हते; मेक्सिकोच्या एका बेटावर तगले, तेथून पुन्हा वाढले, आणि १९९० सालापासून या किनाऱ्यावर नांदूं लागले. तेथील फलकावर लिहिलें होतें कीं, हिवाळ्यांत मादी पिलास सुमारें चार आठवडे स्वतः उपाशी राहून पाजते आणि मग समुद्रांत निघून जाते. पोहणें पिलूं आपलें आपण शिकतें.

“चार आठवड्यांत मोकळी!” सौभाग्यवती म्हणाल्या. “माणसांना चाळीस वर्षांतहि जमत नाहीं.” त्यांनीं हें कोणास उद्देशून म्हटलें, तें विचारण्याचें धाडस आम्हीं केलें नाहीं.

सॅन सिमिऑनच्या टेकडीवर हर्स्ट नांवाच्या वृत्तपत्रमालकाचा वाडा आहे. १९१९ पासून १९४७ पर्यंत तो बांधीतच होता, आणि तरी तो अपुराच राहिला. चिरंजीवांनीं वर जाण्याविषयीं विचारलें. आम्ही म्हणालों, वाडे पुष्कळ पाहिले, समुद्रावर जाऊं. पाणी बर्फासारखें होतें. सौभाग्यवती घोट्यापर्यंत गेल्या, “अगबाई!” म्हणून परतल्या, आणि पुन्हा गेल्या.

त्या संध्याकाळीं यंत्रास पुन्हा वाचा फुटली. आम्हीं बंधूंस लिहिलें: ‘कागद तयार ठेव. आल्याबरोबर सही करतों. फार उशीर केला, मनांत ठेवूं नको.’ पुण्यास तेव्हां सकाळ होती. उत्तर तत्काळ आलें: ‘दादा, तुमची प्रकृति बरी आहे ना?’

आम्हीं ऑगस्टांत सही केली. वाडा उतरविला त्या दिवशीं आम्ही पाहावयास गेलों नाहीं. तेवढें बळ आमच्यांत नव्हतें, आणि त्याची लाजहि वाटत नाहीं. मध्यंतरीं महामारीनें काम थांबलें. २०२३ सालीं आम्ही सर्व नव्या इमारतींत राहावयास आलों. तिकडे तो रस्ता जानेवारी २०२१ मध्यें पावसानें पुन्हा वाहून गेला, तीन महिन्यांत पुन्हा बांधला, आणि पुढें २०२३ व २०२४ मध्यें दरडींनीं पुन्हा अडला, असें चिरंजीवांनीं कळविलें. जें डोंगराच्या अंगावर बांधावयाचें तें पुन्हा पुन्हा बांधावें लागतें, हें तेथील लोकांनीं गृहीतच धरलें आहे.

आमच्या वांट्यास तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या आल्या. स्वयंपाकघर लहान आहे. हात लांब केला कीं सगळें मिळतें. नळास चोवीस तास पाणी असलें तरी दात घासतांना तो बंद ठेवण्याची संवय राहिली आहे. धाकट्या भावजय लिफ्टनें उतरून रोज सकाळीं देवळांत जातात. येतांना आमच्या दारीं प्रसाद देऊन जातात. आम्ही मात्र अजून जिन्यानेंच चढतों, सावकाश. मागून पुतण्यांच्या मुलांचीं पावलें ऐकूं आलीं कीं वळणावर कठड्याशीं सरून उभे राहतों. तीं धडधडत वर निघून जातात, आणि त्यांतलें एखादें जातां जातां हात वर करतें.